छपरावरचा राब

सूर्याशी वैयक्तिक वैर असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला.

सूर्याचं तो नाव घेत नसे. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं. नुसतं ‘तो’ म्हणायचा. सकाळी चाळीच्या ओट्यावरून काठी आपटत फिरायचा, "आला रं, तो आला. लावा." की सगळ्या खोल्यांच्या खिडक्या बंद झाल्या पाहिजेत. संध्याकाळी तीच काठी आणि तोच ओटा. "गेला. उघडा." मधल्या वेळात आम्ही भाडेकरू अंधारात बसून घामाने न्हायचो आणि मालक दारादारांतून कुणी फट ठेवलीय का ते पाहत हिंडायचा. सापडली की सुनावायचा, "त्याला एकदा घरात घेतला ना, मंग उठत नाय तो. जेवनार, लवंडनार न् रातभर ऱ्हानार. पावना हाय का जावाय?"

ही चाळ मोहोपाड्याला होती. रसायनीतले कारखाने नुकते जोर धरू लागले होते. माणसं घाटावरून, खानदेशातून, कुठून कुठून येत होती आणि राहायला जागा नव्हती. ज्यांच्या जमिनी कारखान्यांना गेल्या त्यांनी आलेल्या पैशांतून चाळी बांधल्या. आमच्या मालकानेही बांधली. भिंती विटांच्या, वर पत्रे. आयुष्यभर पेंढ्याने शाकारलेल्या, कुडाच्या घरात काढलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने पत्र्याची चाळ बांधावी आणि मग उरलेलं आयुष्य त्या पत्र्याशी झगडत काढावं, यात काय शहाणपण होतं ते मला कळलेलं नाही. एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "पत्रा मला साहेबानं सांगितला. तो साहेब आता बदली होऊन गेला, पत्रा ऱ्हायला."

मी पोशीरचा, भातशेतकऱ्याच्या घरातला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, हे मी त्या काळी ओळख झाल्याबरोबर सांगत असे. आता जरा वेळ थांबतो. कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी खोली बघायला या माणसाकडे गेलो तेव्हाही सांगितलं. बी.एस्सी. आहे म्हणालो.

"स्टो कवा पेटवनार?" त्याने विचारलं.

"सकाळी."

"सकाळी म्हंजे तो यायच्या आदी का मागनं?"

"कोण यायच्या आधी?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पदवी परत करून यावी. "कालिजात ह्ये शिकवत नाय का रं?" म्हणाला आणि किल्ली दिली. तेव्हापासून मी त्याच्यासाठी ‘ए बीयस्सी’ झालो. माझं नाव त्याने शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्याच्या युद्धशास्त्रात काही मूलभूत अडचणी होत्या. मावळतीचं ऊन वाईट म्हणून त्याने पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी ठेवली नव्हती. आमच्याकडे दुपारनंतर जो काही वारा येतो तो खाडीकडून, म्हणजे पश्चिमेकडूनच येतो. ही त्याने वाऱ्याची चूक मानली. त्या आंधळ्या भिंतीला दर शिमग्यानंतर चुन्याचा जाड हात मारायचा, वर दुधीचे वेल चढवायचे. दुधी सगळ्यांना सक्तीचा होता. उन्हाळाभर आम्ही दुधीची भाजी खाल्ली. शेजारचा सांगलीकडचा फिटर म्हणायचा, "राव, भिंत गार झाली का न्हाई ठाऊक न्हाई, मी मात्र आतनं पार गार झालोय."

दुपारी बोलायला बंदी होती. तोंडातून वाफ बाहेर येते आणि खोली तापते, असं त्याचं मत होतं. नवरा-बायकोचं भांडण लागलं तर दारावर काठी पडायची. "दिवस कलल्यावर भांडा." आणि गंमत अशी की लोक खरंच थांबायचे. दिवस कलेपर्यंत भांडणाचा विषय बहुतेक विसरलेला असे. या एका बाबतीत त्याच्या पद्धतीला यश आलं म्हणायला हरकत नाही.

पंख्याचा मात्र त्याला मनापासून तिटकारा. चाळीला वीज होती, पण मीटर एकच, त्याच्या नावाचं, आणि खोलीला एक दिवा. पंख्याचं नाव काढलं की म्हणायचा, "पंखा म्हंजे पळी. आमटी कढत असली न् पळीनं ढवळली, तर गार होते काय?"

"होते की," मी म्हणालो. मी विज्ञानाचा पदवीधर. गप्प बसणं शक्य नव्हतं.

"झाकन ठेवून ढवळ. मंग सांग."

झाकण म्हणजे पत्रा. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही, पण ते लांबलचक होतं आणि तोवर तो निघून गेला होता. पुढे मी एक टेबलफॅन पोत्यात गुंडाळून आणला. रात्री लावला. पातं दोनदा फिरलं असेल नसेल, सगळी चाळ अंधारात. मालकाने फ्यूजमध्ये मुद्दाम केसासारखी तार घालून ठेवली होती. सकाळी ओट्यावर त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "काय रं बीयस्सी, किती गार झाली आमटी?"

पण तोही काही साक्षात शास्त्र नव्हता. ओल्या गोणपाटाची गोष्ट सांगतो. दारा-खिडक्यांना भिजवलेली गोणपाटं लावा, वारा गार होऊन येतो, असं त्याने कुठल्याशा नागपूरकडच्या पाहुण्याकडून ऐकलं. मी म्हटलं, मालक, ते तिकडे चालतं. तिकडची हवा कोरडी, पाणी चटकन उडतं. आपल्याकडे हवाच आधी भिजलेली असते, ती आणखी पाणी कुठे पिणार? त्याने ऐकून घेतलं आणि गोणपाटं लावली. चार दिवसांत चाळीत धोबीघाटाचा वास यायला लागला. पापड मऊ पडले, काड्या पेटेनात, फिटरच्या सदऱ्यावर बुरशी आली. आणि माझी पदवी, जी मी काच घालून भिंतीवर लावली होती, तिच्यावर विद्यापीठाच्या शिक्क्यापासून सुरुवात करून हिरवट ठिपके उमटले. मी ती काढून त्याच्या समोर धरली. बापाने ही पदवी पोशीरला घरोघरी नेऊन दाखवली होती.

त्याने ती नीट निरखली. "गारव्यानं आलंय," म्हणाला. "बघ, खोली किती गार हाय तुझी."

आता मुख्य अस्त्राकडे येतो.

कारखान्याने त्याची सगळी जमीन घेतली, पण मोजणीच्या रेषेबाहेर एक तुकडा राहिला होता. चाळीची मागची बाजू आणि कंपनीची भिंत यांच्यामध्ये, दोन बैल उलटे फिरले तर एकमेकांना धडकतील एवढा. त्यात तो दरसाल भात लावायचा. आणि भात लावायचा म्हणजे राब भाजणं आलं. भाताची रोपं ज्या जागी करायची, तिथे ऐनाच्या झाडाचे पानांसकट तोडलेले टहाळ, शेण, पाचोळा अंथरून उन्हाळ्यात जाळतात. तण मरतं, रोप जोमदार येतं. आमच्या पोशीरलाही तसंच करतात, यात वेडेपणा काही नाही. वेडेपणा पुढे आहे. राबासाठी ऐनाच्या फांद्या थंडी सरता सरता तोडतात आणि पेटवेपर्यंत कुठेतरी रचून ठेवतात. मालकाने त्या चाळीच्या पत्र्यावर रचायचं ठरवलं. फुकटचं छप्पर. फाल्गुनापासून सगळ्या चाळीवर ऐनाच्या टहाळांचा थर, वर दगड ठेवलेले. आणि खरं बोलायचं तर खोल्या गार राहायच्या. पत्र्याला हात लावला तरी चटका बसत नसे. वरून वाळकी पानं, चिमण्यांची घरटी आणि एकदा एक धामण खाली आली, पण गारवा होता. त्याच्या सगळ्या उद्योगांतला हा एक उद्योग खरोखर चालणारा होता.

फक्त आखाती झाली, म्हणजे अक्षय्य तृतीया, की मालक शिडी लावून टहाळ उतरवायचा आणि मागच्या तुकड्यात नेऊन पेटवायचा. म्हणजे चैत्रात, जेव्हा सोसवतं, तेव्हा आमच्या डोक्यावर छप्पर. आणि ऐन वैशाखात, जेव्हा माणूस उकडून निघतो, तेव्हा आमचं छप्पर शेतात जळत असे आणि आम्ही उघड्या पत्र्याखाली त्याचा धूर खात असू. भर उन्हाळ्यात घर गार ठेवायच्या साधनाची होळी करणारा हा जगातला एकमेव तज्ज्ञ असावा.

माझं लग्न झालं. सासरे खालापूरच्या बाजूचे, भातशेतीवालेच, पण बोलायला कडक. मुलगी ग्रॅज्युएटला दिली याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ग्रॅज्युएट पत्र्याच्या खोलीत राहतो हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला ही माहेरी गेली आणि चैत्रात मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर मी आणायला जाणार, तेव्हा सासऱ्यांनी निरोप धाडला: पोर तान्ही आहे. खोली मी स्वतः दुपारची येऊन बघेन. आत बसवलं तर पोरीला पाठवेन. नाहीतर पावसाळा उलटू दे, दिवाळीनंतर बघू.

दिवाळी म्हणजे लेक रांगायला लागलेली असती. मी तिला बारशाला पाहिलं होतं तेवढंच. कंपनीच्या कॉलनीत खोली मिळायला अजून अवकाश होता, मोहोपाड्यात दुसरी जागा नव्हती, आणि सासरे यायचे ते आखाती झाल्यावर, भर वैशाखात.

मी मालकाकडे गेलो. म्हटलं, "मालक, औंदा राब आठ दिवस उशिरा भाजा."

"का रं?"

सगळं सांगितलं. तो सुपारी कातरत होता. कातरतच राहिला.

"राब कुनासाठी थांबत नाय," म्हणाला. "पाऊस काय तुझ्या सासऱ्याला इचारून येतो?"

"पावसाला वेळ आहे अजून."

"वळवाचा एक सडाका आला न् टहाळ भिजला की पेटत नाय. तुझा बाप शेती करतो ना रं? का तूपन इसरलास, कालिजात गेल्यावर?"

आता बापावर आला म्हटल्यावर मीही सोडलं नाही. म्हणालो, "माझा बाप शेती करतो, मालक. तुम्ही काय करता? तुमचं शेत केवढं? अंगणाएवढं. त्यात काय पिकणार आणि कुणाच्या पोटाला पुरणार? त्या अंगणापायी माझी लेक दिवाळीपर्यंत तिकडे राहणार."

मी खोटं काही बोललो नव्हतो. तो तुकडा खरंच अंगणाएवढा होता. मालकाने अडकित्ता मिटला. दुपारची वेळ होती. "तोंडाची वाफ घालवू नको," एवढंच म्हणाला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सासरे यायच्या दिवशी सकाळी मी उठलो तर वर पत्र्यावर खडखड चाललेली. बाहेर आलो. शिडी लावलेली, आणि मालक वर, कमरेला पंचा, डोक्याला ओला टॉवेल, आकडीने पलीकडच्या टोकाच्या खोलीवरचे टहाळ ओढून काढत होता. मुहूर्त बरोबर साधला होता त्याने. म्हातारा वर, मी खाली, वाद घालायचा तर मान वर करून घालावा लागला असता. एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलो. गाडी नेहमीप्रमाणे तिला वाटेल तेव्हा आली. सासरे उतरले. घाम पुसत पहिलं वाक्य बोलले, "जावईबापू, हितं तर उभं भाजतंय." मी म्हटलं, "खोलीत बरं आहे." दुसरं काय म्हणणार?

चाळीसमोर आलो आणि थांबलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पत्रे उघडे, चकचकीत. फक्त माझ्या खोलीवर टहाळांचा हा ढीग. सगळ्या चाळीचा टहाळ ओढून त्याने एकट्या माझ्या डोक्यावर रचला होता. लांबून वाटावं, चाळीला गळू झालंय. ओट्यावर फिटर बनियनवर बसलेला. मला बघून म्हणाला, "या राव. तुमच्या सासऱ्यापायी आमचं भरताचं वांगं झालंय." मग सासऱ्यांकडे बघून जीभ चावली आणि नमस्कार केला.

सासरे वर बघत राहिले. शेतकरी माणूस, त्यांना ऐनाचा टहाळ ओळखायला पदवी लागत नव्हती.

"राबाचा टहाळ ना ह्यो? आखाती होऊन गेली. अजून वरच?"

उत्तर द्यायच्या आत मालक माझ्या खोलीतून बाहेर आला. हो, माझ्याच. जमीन ताजी सारवलेली, कोपऱ्यात वाळूत रुतवलेला माठ, खिडक्या बंद. आत विहिरीत उतरल्यासारखं गार आणि अंधारं. सासऱ्यांनी तोंड उघडलं, "तुमी चाळीचे..."

"बोलू नका," मालक म्हणाला. "आत बसा. दुपारचं बोललं की खोली तापते."

माझ्या सासऱ्यांना आयुष्यात असं कुणी सांगितलं नसावं. ग्रामपंचायतीत ते बोलायला उठले की बाकीचे बसत. ते मुकाट आत जाऊन बसले. मालक उंबऱ्यावर पहाऱ्याला. मी भिंतीला टेकून. थोड्या वेळाने अंधारातून घोरणं ऐकू आलं. सासरे परीक्षेला आले होते आणि परीक्षेच्या हॉलमध्येच झोपले. फिटरने भिंतीपलीकडून ऐकलं असणार, कारण तिकडून बारीक आवाज आला, "पास झाला, राव."

"गेला. उघडा," अशी काठी वाजली तेव्हा ते उठले. पाणी प्याले. कोपरे बघितले, भिंतीला हात लावून बघितला, बुरशी पडलेली पदवीही बघितली. "बुधवारी पोरीला आनून सोडतो," म्हणाले. मग निघताना ओट्यावर मालकाला विचारलं, "राब कदी भाजनार मंग?"

"औंदा नाय."

"नाय म्हंजे? रोप कसं येनार? तन खाईल सगळं."

"खाऊ दे. केवढं शेत हाय? अंगनाएवढं." हे तो सासऱ्यांना सांगत होता आणि बघत माझ्याकडे होता.

बुधवारी ही आली, लेक आली. टहाळ माझ्या खोलीवर राहिला तो राहिलाच. चाळीतली बाकीची बिऱ्हाडं वैशाखभर माझ्या खोलीत दुपारची येऊन बसायची. इतकी माणसं एका खोलीत बसल्यावर गारवा किती उरतो, ते मला प्रयोगशाळेत मोजायला नको होतं. हिच्या मांडीवर लेक, भोवती चाळभरच्या बायका, सगळ्या मुक्या. कारण उंबऱ्यावर काठी घेऊन मालक. लेक रडली की तो वैतागायचा, "ए बीयस्सी, हिची वाफ बघ किती चाललीय." मग ही तिला पदराखाली घ्यायची आणि तो तोंड फिरवून अंगणाकडे बघत बसायचा. अंगण म्हणजे शेत. माझा शब्द आता त्यानेही उचलला होता.

पाऊस सुरू झाल्यावर टहाळ वर कुजला आणि खोलीत चहासारखं पाणी ठिबकायला लागलं. मी पाळणा कोपऱ्याकोपऱ्यातून हलवत होतो. मालकाला म्हटलं, आता तरी उतरवा. म्हणाला, "पावसाळ्यात घर आपोआप गार असतं. माझं काम उन्हाळ्यापुरतं." शेवटी फिटर आणि मी चढलो आणि तो चिखल खाली ओढला. धामण पुन्हा निघाली. ओळखीचीच असावी, घाई न करता गेली.

मागच्या तुकड्यात त्याने तसंच बी पेरलं, बिनराबाचं. सासरे म्हणाले होते तसं झालं. तण कमरेला आणि रोप घोट्याला. तरी त्याने लावणी केली, एकट्याने, गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं. पाऊस पडत असतानाही तो अधूनमधून वर बघायचा. ‘तो’ ढगाआड काय करतोय याची खात्री नसावी.

दरवर्षी भात कापून झाला की चाळीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला तो नवं द्यायचा. नवीन तांदूळ, पानात बांधून, देवाला दाखवायला पुरेल एवढाच. भाडेकरूंना जमिनीची ऐट दाखवायचा हा त्याचा वार्षिक समारंभ होता, असं मी तरी समजत होतो. त्या वर्षी तो कुणाच्याच दारात गेला नाही. संध्याकाळी आमच्याकडे आला. पान हिच्या हातात दिलं. "तुमच्यापुरतंच निघालं," म्हणाला. "दुसऱ्यांना पुरंल एवढं नाय." पानाला वजन असं नव्हतंच.

हिने त्याला जेवायला बसवलं. तांदूळ निम्मा तूस आणि निम्मी कणी. त्याचा भात कसला, लगदा झाला. पण नवं म्हणून सगळ्यांना घासघास वाढला, लेकीच्याही ओठाला लावला. ती तोवर बसायला लागली होती. तिने ते शीत चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

मालक ताटावरून तिच्याकडे बघत म्हणाला, "काय गं? कडू लागला का? तुझा बाप म्हनला, ह्ये शेत नाय, अंगन हाय. मंग अंगनात काय भात येतो काय?"

ही माझ्याकडे बघायला लागली. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला चांगलं उत्तर सुचलं होतं, शास्त्राला धरून. पण तोंडात त्याच अंगणातला घास होता.